दोन्ही अंगांचा समुद्र

आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढतात. त्याला दसरा काढणं म्हणतात. पूर्वी सगळं गाव नदीवर असायचं. बैलगाडीतून वाकळा, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, जायच्या, काठावरचे दगड कमी पडायचे आणि जागेवरून दोन-तीन भांडणं ठरलेली. आता आमची नातसून ते काम यंत्रात करते. यंत्र चांगलं आहे, कंबर मोडत नाही. वाकळा त्यात मावत नाहीत म्हणून तिनं वाकळाच काढून टाकल्या आणि ब्लँकेटं आणली. माझी एक वाकळ मी दिली नाही. ती तेवढी अंगणात भिजते आणि आम्ही दोघी दोन टोकं धरून पिळतो.

ओली वाकळ भाद्रपदातल्या उन्हात टाकली की तिला एक वास सुटतो. जुन्या लुगड्यांचा, मातीचा, माणसाच्या घामाचा. दुसऱ्या बायकांना त्या वासानं नदी आठवत असेल. मला मुंबईचा समुद्र आठवतो.

समुद्राविषयी लोक फार गोड बोलतात. नातू कुपवाडला कारखान्यात जातो. तो मागे पोराबाळांना घेऊन मुंबईला गेला होता. आल्यावर मोबाइलवर फोटो दाखवत बसला. सगळी पाण्याकडं पाठ करून उभी आणि हसतायत. मला म्हणाला, "आज्जी, तू बघितलायस का समुद्र?"

म्हटलं, बघितलाय. पोटभर बघितलाय. मोठा आहे आणि त्याचं पाणी कामाचं नाही.

लढाई संपली त्या सालची गोष्ट. श्रावण ते दिवाळी, एवढेच दिवस. पण आयुष्यातली कितीतरी वर्षं मला आठवत नाहीत आणि ते दिवस मात्र वाळूसारखे अजून लुगड्याच्या ओच्यातून निघतात.

मी गेले ती अक्काच्या सोबतीनं. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, हौसा. तिचा नवरा, माझे थोरले दीर, पलटणीत होते. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती तेव्हा त्यांना मुंबईहून बोटीत घालून मलायाला नेलं. पुढं सिंगापूर पडलं आणि माणसाचा पत्ता लागेना. गेला म्हणावं तर तशी खबर नाही, आहे म्हणावं तर तशीही नाही. वर्षांमागून वर्षं गेली. गावातल्या बायका हळदीकुंकवाला अक्काला बोलवायच्या, पण करंडा तिच्यापुढं धरायच्या आधी एकमेकींच्या तोंडाकडं बघायच्या. अक्काला ते दिसायचं. ती स्वतःच करंड्यात बोट घालायची आणि कपाळभर कुंकू ओढून घ्यायची.

लढाई संपल्याची बातमी आली. पलटणीतली पोरं आता परत येतील असं जो तो म्हणायला लागला. तेव्हा एकदा सकाळी मामंजी सोप्यात बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "दसऱ्यापातूर वाट बघू. तवर न्हाई आला तर काय ते रीतीनं करून टाकू. पोरीला आसं अधांतरी किती दिस ठेवायचं?"

रीतीनं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. गवताचं माणूस करून जाळायचं, तेरावं घालायचं, आणि बाईच्या हातातल्या बांगड्या दगडानं फोडायच्या. मामंजी वाईट माणूस नव्हते. मुलाचं सुतक धरायलाही बापाला काहीतरी ठरलेला दिवस लागतो. अक्का त्यांना उलट बोलली नाही. फक्त म्हणाली, "मग मी मुंबईला जाते. ज्या वाटंनं नेलं त्याच वाटंनं आणतील की."

मुंबईला परळच्या बाजूला आमच्या गावच्या गिरणीकामगारांची एक खोली होती. दहा-बारा गडी त्यात पाळीपाळीनं झोपायचे. माझे घरचे, म्हणजे माझे मालक, तेही त्यातच होते. त्यांना भाकरी करून घालणारी बाई नुकतीच गावी निघून गेली होती. अक्काला घ्यायला त्यांची ना नव्हती. एकटी बाई कशी पाठवायची म्हणून मला बरोबर दिली. बाजूची एक लहान खोली आम्हा दोघींना मिळाली. चुलीपुढं बसलं की पाठ भिंतीला लागायची.

आता अक्काच्या मनात काय होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं वेडेपणाचं वाटेल. आमच्या गावाला, वाळव्याला, तेव्हा पूल नव्हता. रेल्वे नदीच्या पलीकडं, ताकारीला. रजेवर आलेला शिपाई तिथं उतरायचा, चालत काठावर यायचा आणि हाळी द्यायचा. अलीकडून नाव सुटायची. नाव नसली तर गुऱ्हाळातली काहील पाण्यात ढकलायची, म्हणजे गूळ आटवायची ती मोठी कढई, आणि तीत बसवून माणूस आणायचं. घरची बाई अलीकडं धुणं धूत असली तरी तिला पलीकडची खाकी टोपी दिसायची. पाण्यातून गेलेलं माणूस पाण्यातून येतं आणि काठावर बसलेल्याला दिसतं, एवढं अक्काला पक्कं ठाऊक होतं. समुद्राचा हिशेब तिनं तसाच घातला. पाणी जरा रुंद, एवढाच फरक.

मीही तसाच घातला होता. मुंबईला गेल्यावर कोणी आम्हाला वेगळं सांगितलंही नाही.

दुपारची जेवणं उरकली, भांडी घासली, की आम्ही प्रभादेवीच्या बाजूनं समुद्रावर जायचो. रस्ता संपला की माड लागायचे, मग वाळू, मग पाणी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अक्कानं डोळ्यांवर हात धरला. मग म्हणाली, "पलीकडचं काय दिसत न्हाई गं."

"धुकं आसंल," मी म्हटलं.

"दुपारचं?"

आम्ही वाळूत बसलो. आमच्याकडं नदीचा आवाज पुरात येतो, मग ती गप होते. हा समुद्र गपच बसत नव्हता. वाळू तापलेली असायची आणि तिच्याखाली बोट घातलं की गार ओल लागायची. वारा तोंडावर सारखा येऊन ओठ खारट व्हायचे. जवळच कोळणी बोंबील वाळवायच्या. पहिले दोन दिवस त्या वासानं मला अन्न गोड लागलं नाही, तिसऱ्या दिवसापासून लागलं. माणसाला कशाचीही सवय होते, त्यात कौतुकाचं काही नाही.

लांब कडेला कधी बोट दिसायची. धुराची रेघ, खाली काळा ठिपका. अक्का उठून उभी राहायची. ठिपका डावीकडं सरकत सरकत जायचा आणि नाहीसा व्हायचा. ती परत खाली बसायची.

"थांबतच न्हाईत गं ह्या."

"हाळी द्यायची का?" मी चेष्टेनं म्हटलं.

तिनं खरंच तोंडाला हात लावला होता. मग आजूबाजूला माणसं बघून खाली घेतला.

आम्ही गेलो त्याच आठवड्यात नारळी पौर्णिमा आली. कोळी लोक वाजतगाजत पाण्यावर आले. अक्कानंही एक नारळ आणला, हळदकुंकू लावलं, डोळे मिटून काय ते मागितलं आणि पाण्यात टाकला. लाटेनं तो आणून तिच्या पायाशी ठेवला. तिनं परत टाकला, परत आला. तिसऱ्यांदा तिनं पदर खोचला, गुडघाभर पाण्यात गेली आणि गोफण फिरवावी तसा फेकला. आम्ही बघत उभ्या. नारळ डुलत डुलत आला. अक्काचं तोंड उतरलं. घेत नाही म्हणजे काय, हे तिला मला विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता.

मागं एक कोळीण उभी राहून हसत होती. पारूबाय तिचं नाव, पुढं आमची चांगली ओळख झाली. ती म्हणाली, "अगो बाय, भरती हाय. दर्या आता देतो, घेत नाय. ओहोटीला ये."

"देतो म्हनतीस," अक्का म्हणाली, "मग नारळ कशाला देतो? माझं मानूस द्यावं की."

पारूबायनं विचारलं तसं अक्कानं तिला सगळं सांगितलं. पारूबाय हसायची थांबली. डोक्यावरची पाटी खाली ठेवून तिनं आम्हाला दोन लहान पोरींना सांगावं तसं सांगितलं, "तुमी हितं बसून काय करतां? हा बायरचा दर्या. आगबोटी हितं नाय लागत. बंदरान लागतान, तिकडं माझगावला. मुंबयला दोनी अंगाला पाणी हाय, गो."

अक्का तिच्याकडं बघत राहिली. "दोन्ही अंगाला?"

"मंग!"

येताना अक्का तो नारळ हातात घेऊन चालत होती. रस्त्यात म्हणाली, "एवढं दिस त्या बाजूनं येऊन उभं राहिलं आसतील, तर?" मी म्हटलं, "आवं, आपल्याला येऊन एक आठवडा न्हाई झाला." त्या नारळाची संध्याकाळी चटणी झाली. देवाला दिलेला खावा की नाही यावर खोलीत वाद झाला आणि वाद संपायच्या आत चटणी संपली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही उगवतीकडच्या समुद्रावर जायला लागलो. ट्राममध्ये बसायचं, मग चालायचं. तो समुद्रच वाटत नव्हता. लाट नाही, वाळू नाही. ओहोटीला पाणी लांब जायचं आणि मागं काळा चिखल राहायचा, म्हशींच्या डबक्यासारखा, त्यात खेकडे तिरके पळायचे. पाण्यावर तेलाचे पट्टे असायचे, ऊन पडलं की मोराच्या पिसासारखे दिसायचे. लाकडाच्या वखारी, कोळशाचे ढीग, गलबतं चिखलात एका अंगावर कलंडून पडलेली. भरती आली की तीच गलबतं आपली आपण उठून उभी राहायची. ते मात्र मला बघायला आवडायचं. कोणी हात लावत नाही, दोर ओढत नाही. पाणी येतं आणि एवढं मोठं लाकूड सरळ होतं.

मोठ्या आगबोटींपर्यंत आम्हाला जाता येत नव्हतं. उंच भिंत, भिंतीला दार, दारात पोलीस. भिंतीवरून नुसती धुराडी आणि डोलकाठ्या दिसायच्या. बोट लागली की दारातून शिपायांचे ट्रक बाहेर पडायचे. रस्त्याच्या कडेला आमच्यासारख्या बायका उभ्या असायच्या. कोकणातल्या, माणदेशातल्या, नगरकडच्या. लुगडं नेसायच्या तऱ्हेवरून कळायचं. कोणी फडक्यात भाकरी बांधून आणायची. एकमेकींशी आम्ही फार बोलायचो नाही. सगळ्या एकाच ट्रकात डोळे घालून उभ्या, बोलणार काय?

पहिला ट्रक निघाला तेव्हा अक्कानं तोंडाला हात लावून नदीकाठची हाळी दिली. "वाळव्याचं कोन हाय का रंऽऽ?"

पोलीस दचकला. ट्रकात हसू झालं. एक काळासावळा पोरगा ओरडला, "मावशी, तासगावचं हाय! चालंल का?"

"न्हाई चालत बाबा. जा घरला, आई वाट बघत आसंल."

मग ती रोज हाळी द्यायची. दारावरचे पोलीस तिला ओळखायला लागले. "वाळवा आला" म्हणायचे आणि हसायचे. अक्काला त्याचं काही वाटत नव्हतं. एकदा एक मिश्या पिकलेला हवालदार ट्रक थांबवून खाली उतरला. त्यानं पलटण कुठली, नाव काय, सगळं नीट विचारलं. म्हणाला, "बाई, मलायात जपान्यांच्या कैदेत व्हती ती पोरं अजून यायची हायती. आता सुटल्यात. बोटी मिळंल तशी येतील. जी हायती ती."

'जी हायती ती' हे शब्द अक्कानं ऐकले नाहीत, किंवा ऐकून खाली ठेवले. येताना ट्राममध्ये ती "सुटल्यात" एवढंच दोन-तीनदा म्हणाली.

आमच्या घरच्यांना हे सगळं पसंत नव्हतं. भाऊ गेला असं त्यांच्या मनानं घेतलं होतं, तोंडानं म्हणत नव्हते. मला एकदा जिन्यात गाठून म्हणाले, "वैनीला नादी लावू नगंस."

"मी लावती व्हय? तीच मला वढून नेती."

"मग नगं जाऊस."

"आन् भाकरीचं पीठ कोन मळंल? मी न्हाई गेले तर ती मला मळू लागायची न्हाई." त्यावर ते गप्प झाले. नवऱ्याला गप्प करायला कारण पोटाचं द्यावं, हे मी तिथंच शिकले.

भाद्रपदातला पितृपंधरवडा आला. गावाकडून आलेल्या कोणीतरी सांगितलं की यंदा थोरल्याच्या नावानं पान वाढायचं का, यावर भाऊबंदांत बोलणं झालं, पण मामंजी दसऱ्यावर अडून बसले. खोलीत शंकरनाना म्हणून एक वयस्क गडी होता, सगळ्यांची चेष्टा करणारा. तोही हे ऐकताना खाली बघत होता. अक्का भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "जित्या मानसाचं पान वाढलं तर ते मी उचलून म्हशीला घालीन. सांगा जावा तिकडं." भाकरी तव्यावर टाकली. ती कडेनं फाटली होती. अक्काची भाकरी कधी फाटत नसे.

पहाटे ती जात्यावर दळायला बसली की तिच्या बांगड्या वाजायच्या. त्या आवाजानं मला जाग यायची. अजून आहेत, असं वाटायचं आणि मी कूस बदलायचे. दसरा जवळ येत होता तसं ते वाटणं नकोसं होत गेलं.

आणि अशात अक्काच्या डोक्यात आलं की घटाच्या आधी दसरा काढायचा. गावी काढतात, मग इथं का नाही? खोलीतल्या गड्यांच्या वाकळा बघवत नव्हत्या हे खरं. ढेकूण, तेल, गिरणीचा कापूस. पण चाळीला नळ एकच, तो सकाळी थोडा वेळ यायचा आणि त्यावर सगळ्या मजल्यांची रांग. मी म्हटलं, "अक्का, पाणी कुठलं?"

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "मुंबईला दोन्ही अंगाला पानी हाय आन् तू पानी कुठलं म्हनतीस!"

झालं. बंदराच्या तेलकट पाण्यात धुणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही बाहेरच्या समुद्रावर गेलो. सुट्टीचा दिवस बघून शंकरनाना आणि आणखी दोघांच्या डोक्यावर वाकळांचे गठ्ठे दिले. समुद्र बघून मलाही हुरूप आला. केवढं पाणी, रांग नाही, भांडण नाही. आम्ही वाकळा भिजवल्या आणि साबण लावला. फेस येईना. आणखी लावला. साबणाचा चिकटा झाला, फेस नाहीच. वाकळा आपटायला दगड बघून ठेवला होता, तो धुण्याच्या मध्येच पाण्याखाली गेला. लाट आली की वाकळेत वाळू भरायची. वाळू काढावी तर दुसरी लाट. शंकरनानाची वाकळ पाण्यानं ओढली. तो "आरं धर, धर" करत कमरेइतक्या पाण्यात गेला आणि तिचं एक टोक धरून उभा राहिला. तिकडून समुद्र ओढतोय, इकडून शंकरनाना.

पारूबाय वाळूत बसून डोळे पुसत होती, हसून हसून. "अगो, खाऱ्या पाण्यान कोन धुतां? तुमच्या देशान सगलीच अशी हायेत काय?"

कपडे खाऱ्या पाण्यात धुवत नाहीत हे जगाला ठाऊक असेल, आम्हाला कोण सांगणार? आमच्या मुलखात पाणी असतं किंवा नसतं. असून चालत नाही, असं पाणी आम्ही बघितलं नव्हतं.

त्या वाकळा उन्हात टाकल्या तर वाळेनात. वरून कोरड्या, हात लावला तर चिकट. वर पांढरं मीठ फुललेलं. तरी एक रात्र त्या गड्यांनी पांघरल्या. सकाळी सगळे खाजवत उठले. शंकरनाना ताटावर बसून म्हणाला, "हौसावैनी, मीठ लावून झालंय. आता तेल तापवा आन् तळा मला."

खोलीत हसू फुटलं. अक्काही हसली. ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी वाटलं की आता चार दिवसांवर घट, मग दसरा.

वाकळांतलं मीठ काढायला त्या नळाखाली परत खळबळायला लागणार होत्या. रोज दोन-तीन, रांगेतल्या बायकांच्या शिव्या खात. ते काम चालू असतानाच बापू आला. बापू आमच्या गावचा, त्याच खोलीतला, रजेवर गेलेला. ट्रंक घेऊन जिना चढला आणि आमच्या दाराशी उभा राहिला. अक्का परातीत पीठ मळत होती.

"वैनी, दादा आलं."

"कोन दादा?"

"आवं कोन म्हंजे? तुमचं मालक."

अक्काचे हात पिठात होते तिथंच राहिले. मी बापूला म्हटलं, "चेष्टा करतोस?" त्यानं आईची शपथ घेतली.

अक्का म्हणाली, "कुठं आलं?"

"घरी. ताकारीला उतरलं. मद्रासला त्यांची बोट लागली. तितनं रेल्वेनं आलं, मिरजंवरनं."

अक्कानं पिठाकडं बघत विचारलं, "मद्रासला समुद्र हाय?"

"हाय की. तिकडच्या अंगाला."

"आन् मला कुनी सांगितलं न्हाई."

मग तिनं एकेक विचारायला घेतलं. हातपाय आहेत का? आहेत, पण काडी झालेत. दिसतं का? दिसतं. एका कानानं कमी येतं. बोलतात का? थोडं. जेवतात का? बापू जरा घुटमळला. म्हणाला, "भाकरी खात्यात, दुधात मऊ करून. पर भात बघितला की उठून जात्यात. तुमच्या सासूनं कवतिकानं केला व्हता. कैदेत म्हनं त्येच खायला लागायचं, किडं आसलेलं."

अक्कानं मान हलवली. परातीतलं पीठ संपवलं. सगळ्यांना वाढलं. भाऊ आला म्हणून आमचे घरचे ताटावर बसून पोरासारखे रडत होते. मेला असं मनात धरल्याची लाज असेल. ते म्हणाले, "वैनी, आजच्या गाडीनं जावा. मी बसवून देतो."

"उद्या जाईन," अक्का म्हणाली. "लोकांच्या वाकळा खारवून ठेवून जाऊ व्हय?"

कोणाचं तिनं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी नळ आला तशी ती खाली बसली आणि उरलेल्या सगळ्या वाकळा एका दमात खळबळल्या. रांगेतल्या बायकांना काय कळलं होतं कोण जाणे, त्या दिवशी एकीनंही शिवी दिली नाही, बादल्या मागं घेतल्या. ती रडली का, असं पुढं गावात बायका मला विचारायच्या. मला कळलं नाही. नळाखाली तोंड सगळ्यांचंच ओलं असतं.

दसऱ्याच्या आधी ती घरी पोचली. पुढं त्यांना दोन मुली झाल्या. भावजींनी भात जन्मात खाल्ला नाही, लग्नकार्यात त्यांच्या पानावर भात पडू नये म्हणून अक्का पंगतीत त्यांच्या शेजारी उभी राहायची. कैदेतलं ते कधी बोलले नाहीत आणि समुद्रावरचं ती बोलली नाही. लोकांना वाटायचं, नवराबायकोत बोलणंच कमी आहे. असेल. बोलण्यानं संसार होतात असं मी तरी कुठं बघितलं नाही. आता दोघंही नाहीत.

मी मुंबईला दिवाळीपर्यंत राहिले, कारण खोलीत भाकऱ्या करायला दुसरं कोणी नव्हतं. माझ्या भाकरीला शंकरनाना चामडं म्हणायचा आणि तीन खायचा. अक्का गेल्यावर मी एकदाच बंदराकडं गेले. कशाला, ते सांगता येत नाही. तिसऱ्या प्रहरी त्या बाजूला जायची पायांना सवय झाली होती.

भरती होती. चिखल झाकला गेला होता आणि गलबतं उभी होती. दारातून ट्रक निघत होते, कडेला बायका होत्या तशाच होत्या. आमचं माणूस मिळालं म्हणून तिथलं काही कमी झालं नव्हतं. एक ट्रक गेला, दुसरा गेला. माझ्या शेजारी एक बाई उभी होती, माणदेशातली, खांद्यावर घोंगडं, धनगराच्या घरातली असावी. माझ्याच वयाची. ट्रक संपले, बायका पांगल्या, ती हलली नाही.

मी विचारलं, "मलायातलं हाय का तुमचं मानूस?"

ती म्हणाली, "कुठलं ते ठावं न्हाई. बोटीतनं नेलं."

खोटा धीर द्यायचा माझा स्वभाव नाही. जे खरं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. "समुद्र हितंच हाय आसं न्हाई. मद्रासलाबी हाय. आमचं तितनं आलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. "ते कुनीकडं?"

मला तरी कुठं ठाऊक होतं. मी उगवतीकडं, पाण्याच्या पलीकडं हात केला. तिनं घोंगडं सारखं केलं, ट्रक गेले त्या रस्त्याकडं पाठ फिरवली आणि मी दाखवलं तिकडं तोंड करून उभी राहिली. लांब कुठल्यातरी गिरणीचा भोंगा झाला. पाळी सुटली होती, गडी जेवायला येणार होते. मी ट्रामकडं चालायला लागले. वळणावर मागं बघितलं, तर ती तशीच होती.